सातव्या कलमाबद्दल मी तोंड उघडलं नाही

शुक्रवार, १ ऑगस्ट

विद्यापीठाशी नव्या कराराची बोलणी करायला आमच्या शिक्षक संघटनेने आज तिघांची समिती नेमली. त्यात मी. एकमताने निवडून आलो. दुसरं कोणी उभं नव्हतं, पण म्हणून एकमताचं एकमतपण कमी होत नाही.

बाकी दोघं म्हणजे आमचे अध्यक्ष आणि अर्थशास्त्राच्या बाई. अध्यक्ष इतिहास शिकवतात. त्यांना सगळे तोफ म्हणतात, कारण ते कुजबुजले तरी खालच्या मजल्यावरचा वर्ग थांबतो. बाई मोजकंच बोलतात. मी तर्कशास्त्राचा. तोफ म्हणाले, सर, तुम्ही नुसते बसा, तुमच्या पांढऱ्या केसांचं वजन पडतं. त्यांना बुद्धीचं म्हणायचं असावं. घाईत केसांचं म्हणाले.

घरी सांगितलं. ही म्हणाली, तुम्ही बोलणी करणार? अहो, सोफा घेताना दुकानदाराने किंमत सांगितली तेव्हा तुम्ही त्याला विचारलंत, एवढ्या स्वस्तात तुम्हाला परवडतं कसं?

ते सौजन्य होतं. बायकांना सौजन्य आणि भोळेपणा यातला फरक कळत नाही.

संकल्प: कमी बोलायचं. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. त्यांच्या चहाला शिवायचं नाही.

रविवार, ३ ऑगस्ट

जेवताना सूनबाईने बॉम्ब टाकला. दुसऱ्या शहरातल्या एका कॉलेजने तिला बोलावलंय. कायम नोकरी. वीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय.

सूनबाई आमच्याच विद्यापीठात सहा वर्षं संख्याशास्त्र शिकवते. हंगामी. मोठी सुट्टी लागली की तिची नेमणूक संपते आणि टर्म उघडली की नवी मिळते. मधला महिनाभर विद्यापीठाच्या लेखी ती अस्तित्वातच नसते. पेपर मात्र त्या महिन्यातही तपासते. अशी माणसं आमच्याकडे साठाच्या घरात आहेत. वर्गात घाम गाळायला ती, दीक्षान्त समारंभात झगा घालून मिरवायला आम्ही.

ती गेली तर चिरंजीवही जाणार. त्यांचं काम लॅपटॉपवर, ते कुठेही बसू शकतात. इथेही बसलेलेच असतात. आणि नातही जाणार. नात चार वर्षांची आहे आणि मला सरळ ए आजोबा म्हणते. तिच्याशिवाय हे घर कसं असेल याचा विचार करायला घेतला आणि सोडून दिला. मला नाही जमला.

मी सूनबाईला म्हणालो, कुठे जातेस? हंगामी लोकांना कायम करा ही या करारातली आमची मुख्य मागणी आहे, आणि समितीवर मी आहे. झालंच समज.

सूनबाई म्हणाली, बरं, बाबा.

एका शब्दावर विश्वास ठेवते पोर. ही मात्र उगाचच खाली मान घालून जेवत होती.

मंगळवार, ५ ऑगस्ट

पहिली फेरी. प्रशासकीय इमारतीतली ती लांबलचक खोली. एसी असा की माणूस थंडीनेच निम्म्या मागण्या सोडून देईल. त्यांच्या बाजूच्या खुर्च्या गादीच्या, आमच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या. माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्यामुळे मी प्रत्येक मुद्द्याला मान डोलावतोय असं त्यांना वाटत राहिलं. पुढच्या वेळी खुर्ची तपासून बसायचं.

समोर कुलसचिव आणि विद्यापीठाचा वकील. वकिलाला पाहून मी उडालोच. माझा जुना विद्यार्थी! मागच्या बाकावर बसायचा, तर्कशास्त्रात मी त्याला काठावर पास केलं होतं. सगळ्यांदेखत उठून उभा राहिला आणि म्हणाला, सर, मी आज इथे बसलोय तो तुमच्यामुळे. शत्रूच्या गोटात आपला माणूस! तोफांना म्हणालो, अर्धी लढाई जिंकली. ते म्हणाले, कोणी?

चेहऱ्यावर शेवटपर्यंत काही दिसू दिलं नाही. दोन तासांनी अर्थशास्त्राच्या बाईंनी हळूच विचारलं, सर, बरं वाटत नाही का?

कॉफी घेतली. संकल्प चहाचा होता.

शनिवार, ९ ऑगस्ट

एक तंत्र वाचलं. बोलणी करताना समोरच्याने आकडा सांगितला की गप्प राहायचं. शांतता सहन न होऊन तोच खाली उतरतो. जो आधी बोलला तो हरला.

प्रयोगाची संधी आपणहून चालून आली. स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणून प्लंबर आला होता. त्याने आकडा सांगितला. मी गप्प. तोही गप्प. मी त्याच्या डोळ्यांत पाहत राहिलो. नळ टपटपत राहिला. शेवटी त्याने पिशवी उचलली आणि निघून गेला. म्हणजे नजर आधी त्याने वळवली.

हिने गॅलरीतून हाका मारून त्याला परत आणलं आणि दोन वाक्यांत निम्म्यावर उतरवलं. पण माझ्यामुळे तो आधीच खचलेला होता, हे ती मान्य करत नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

दुसरी फेरी. पार्किंगच्या मुद्द्यावरच दीड तास गेला. मग तोफांनी पगारवाढीचा मुद्दा मांडला: शेजारच्या विद्यापीठाने पगार वाढवला, तिथले निकाल सुधारले, म्हणजे पगार वाढवला की निकाल सुधारतात. कुलसचिवांना उत्तर सुचेना. 

यात उघड उघड तर्कदोष होता. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही. तेवीस वर्षं मी हेच शिकवतोय. राहवलं नाही. उदाहरण देऊन समजावून सांगितलं. कुलसचिवांनी मनापासून आभार मानले आणि पुढचा मुद्दा घेतला.

बाहेर आल्यावर तोफ म्हणाले, सर, तुम्ही आपला मुद्दा खोडलात. मी म्हणालो, मुद्दा चुकीचा होता, कोणाचा होता हे गौण आहे. तोफ माझ्याकडे बघत राहिले. आदराने, असं मी धरतो.

गुरुवार, १४ ऑगस्ट

विद्यापीठाकडून कराराचा पहिला ड्राफ्ट आला. आम्ही संघटनेच्या खोलीत, म्हणजे सायकल स्टँडच्या मागे, पंखा बंद असलेल्या त्या कोंदट जागेत वाचायला बसलो. सातव्या कलमाशी येताच बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मग तोफांच्या कानात काहीतरी सांगितलं.

तोफ, चक्क हळू आवाजात, म्हणाले, सातव्या कलमाबद्दल सही होईपर्यंत कोणीही तोंड उघडायचं नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही. का ते नंतर सांगतो, भिंतींना कान असतात.

बाईंनी मान हलवली. मीही हलवली. का म्हणून विचारलं असतं तर मला कळलं नाही असं दिसलं असतं. ज्येष्ठ माणसाने ही जोखीम घेऊ नये.

घरी आल्यावर कलम नीट वाचलं. 'विद्यापीठात पाच वर्षे अध्यापन केलेल्या हंगामी शिक्षकास कायम करण्यात येईल.' एवढंच! एका ओळीत! सूनबाईची तर सहा झालीत. तिला हाक मारून ड्राफ्ट दाखवला. तिने ती ओळ दोनतीनदा वाचली. मग विचारलं, बाबा, हे कलम असंच राहील ना?

मी म्हणालो, आहे त्याहून चांगलं होईल.

सोमवार, १८ ऑगस्ट

वकिलाने आज कॉरिडॉरमध्ये गाठलं. म्हणाला, सर, तो ड्राफ्ट मी घाईत लिहिलाय, उद्या कोणी नावं ठेवायला नकोत. शिकवताना बघायचात तसा एकदा बघाल? नुसती नजर टाका.

विद्यार्थी कितीही मोठा झाला तरी गुरू तो गुरू. इतकी वर्षं शिकवतोय, पण परीक्षा झाल्यावर आपलं लिहिलेलं तपासा म्हणून कोणी स्वतःहून आलंय? सगळे मार्क वाढवा म्हणूनच येतात. मी ताबडतोब हो म्हणालो. शिवाय यात स्ट्रॅटेजी आहे. शत्रूला त्याचं अज्ञान दाखवून दिलं की त्याचं मनोधैर्य खचतं.

तोफांना सांगितलं नाही. त्यांचा स्वभाव तापट.

मंगळवार, १९ ऑगस्ट

रजा टाकून ड्राफ्ट तपासला. काय दिवस गेला! किती वर्षांनी एवढी मजा आली. व्याख्या अर्धवट, अटी लटक्या, एका कलमात एक तर दुसऱ्यात उलटंच. समास भरून गेले. नात मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, ए आजोबा, ह्याचं सगळंच चुकलंय का? म्हणालो, हो, पण मुलगा होतकरू आहे.

सातव्या कलमाशी थबकलो. तोंड उघडायचं नाही ही शिस्त. मी संघटनेची शिस्त मोडणाऱ्यांपैकी नाही. तोंड उघडलं नाही. समासात लिहिलं: 'पाच वर्षे सलग, की तुकड्यातुकड्यांनी मिळून? मध्ये खंड पडला असल्यास काय? अट अपुरी. लिहिणाऱ्याने विचार केलेला दिसत नाही.'

शेवटच्या पानावर शंभरांपैकी सत्तेचाळीस. प्रयत्नांचे तीन वाढवून पन्नास.

ढिसाळ कलम म्हणजे उद्या कोर्टात भांडण. सूनबाईचं काम पक्कं व्हायला हवं. मी जे केलं ते तिच्यासाठीच.

बुधवार, २० ऑगस्ट

ड्राफ्ट परत केला. वकील जिन्यातच उभ्या उभ्या पानं उलटत होता. सातव्या कलमाशी आला आणि पायरीवर बसला.  मग विचारलं, सर, हे तुम्ही आणखी कोणाला दाखवलंय? म्हणालो, नाही, हे गुरुशिष्यांतलं आहे. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणी. आजकाल असे विद्यार्थी मिळत नाहीत.

घरी आल्यावर आठवलं, आज वीस तारीख. सूनबाईला विचारलं, त्या कॉलेजला कळवलंस का? म्हणाली, हो बाबा, कळवलं. चला, तिकडचा विषय संपला. नातीच्या खोलीला नवा रंग द्यायचं मनात आहे. हिला म्हणालो, तर म्हणाली, थांबा जरा.

मंगळवार, २६ ऑगस्ट

शेवटची फेरी. सुधारित ड्राफ्ट. कुलसचिवांनी एकेक कलम वाचून दाखवलं. भाषा कशी स्वच्छ, ठाशीव! माझी छाप जागोजागी. मी मनातल्या मनात पासष्ट दिले.

मग सातवं. '… पाच वर्षे सलग व विनाखंड अध्यापन केलेल्या …'

तोफ गप्प झाले. त्यांना गप्प झालेलं मी प्रथमच पाहिलं. अर्थशास्त्राच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मग तोफ कडाडले, हे परवापर्यंत नव्हतं! कुलसचिव म्हणाले, आधीच्या मजकुरात एक फट राहून गेली होती, ती बुजवली. कार्यकारिणीने मंजूर केलंय. घ्यायचा तर सगळा करार घ्या, नाहीतर पगारवाढीसकट सोडा.

आम्ही वेळ मागून बाहेर आलो. बाईंनी भिंतीला टेकून सांगितलं की एकाही हंगामी माणसाची सलग पाच वर्षं होत नाहीत, होऊच शकत नाहीत, दर सुट्टीत सगळ्यांचीच नेमणूक तोडतात. तेवढंच तर वकील विसरला होता. सही होईपर्यंत फक्त गप्प बसायचं होतं.

तोफ म्हणाले, त्याच्या लक्षात आणून कोणी दिलं? कोण फुटलं?

मी म्हणालो, याची चौकशी झालीच पाहिजे. आणि ती मी करायला तयार आहे.

घरी येताना जिन्यात जरा गरगरलं. कॉफी बाधली असावी.

गुरुवार, २८ ऑगस्ट

चौकशी सुरू. एकसदस्यीय समिती. दिवसभर विचार केला. निष्कर्ष: फोडणारी व्यक्ती अज्ञात. विद्वान असावी. हेतू वाईट नसावा.

वकिलाला ते कधी ना कधी सुचलंच असतं. मुलगा होतकरू आहे. माझ्या समासातल्या प्रश्नामुळेच झालं असं म्हणणं म्हणजे एकामागून एक घडलं म्हणून एकामुळे दुसरं घडलं असं म्हणणं. तर्कदोष.

हे मी तीनदा लिहून काढलं. तिन्ही वेळा बरोबर आलं. तरी जेवण गेलं नाही.

सूनबाईला अजून सांगितलेलं नाही. सर्वसाधारण सभेने नाइलाजाने करार मान्य केला, तिथे हंगामी लोकांना मत नाही.

सोमवार, १ सप्टेंबर

सह्यांचा कार्यक्रम. सभागृह, फोटो, वेफर्स. मी मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसलो होतो.

सह्या झाल्यावर वकील दोन शब्द बोलायला उठला.  म्हणाला, सातव्या कलमात माझ्या हातून मोठी चूक होणार होती. माझी नोकरी गेली असती. पण समोरच्या बाजूला बसूनही माझ्या सरांनी ती मला दाखवली. त्यांच्यासाठी सत्य मोठं, बाजू नाही. त्यांनी तपासलेली ती पानं मी जपून ठेवणार आहे. मग त्याने मला शोधून काढलं आणि उभं राहायची विनंती केली.

उभा राहिलो. त्यांच्या बाजूने टाळ्या पडल्या. आमच्या बाजूने नाहीत. तोफ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात एवढंच म्हणाले, सर, केसांचं वजन पडलं. अर्थशास्त्राच्या बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, साठ घरं होती हो.

हात दाखवून अवलक्षण, ही म्हण मी आजवर दुसऱ्यांसाठी वापरत आलो.

लाज वाटली. दुसरा शब्द शोधत बसलो होतो. नाही सापडला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सूनबाईला स्वतःच सांगायचं ठरवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं सांगितलं, समासासकट. म्हणालो, तुझी इथली नोकरी मी घालवली, आणि माझ्या शब्दावर तू तिथेही नाही म्हणून बसलीस. काय वाट्टेल ते बोल मला.

तिने हातातली घडी पूर्ण केली. मग म्हणाली, बाबा, मी त्यांना हो म्हणून कळवलं होतं. तुम्ही झालंच समज म्हणालात ना, त्याच आठवड्यात. आईंना विचारून.

मी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, मग काय करणार होतो? सोफा आठवला मला.

हायसं वाटलं. खरंच वाटलं. आणि राग पण आला. घरातल्या घरात माझ्यावर कवडीचा विश्वास नाही! मी म्हणालो, म्हणजे तुझं काहीच गेलं नाही तर. मग मी उगाच जिवाला लावून घेतलं.

सूनबाई म्हणाली, रुजू व्हायची तारीख मागून घेतली होती मी. पंधरवडाभर पुढची. ते तयार नव्हते, दोनदा फोन केले. तुम्ही ते कलम दाखवलंत ना, म्हणून. ते कलम तसंच राहून सही झाली असती तर त्यांना नकार कळवणार होते. मला इथंच राहायचं होतं, बाबा. वाटलं, या वेळी तुमचं खरं होईल.



रविवार, १४ सप्टेंबर

सकाळी गाडी आली. सामान चढलं. नातीला वाटतंय आम्हीही मागून येतोय. तसं तिला कोणी सांगितलं माहीत नाही. मी नाही सांगितलं. मी आता कोणाला काही सांगत नाही. निघताना सूनबाई म्हणाली, बाबा, जपा. मी हो म्हणालो.

संघटनेच्या समितीवरून मला काढलं. एकमताने. चौकशीचा अहवाल कोणी मागितला नाही.

दुपारी कुलसचिवांचा फोन. आता कारकून आणि शिपाई लोकांच्या संघटनेशी करार व्हायचाय, ड्राफ्ट तयार आहे, सरांची नजर फिरली की आम्ही निर्धास्त. मानधनही देऊ म्हणाले. मी गप्प राहिलो. तेही गप्प राहिले. मग मी म्हणालो, नाही जमणार, आणि फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला नाही म्हणालो आणि ते टिकलं.

हिला अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, बरं केलंत. आता बसून राहू नका, त्यांची खोली तेवढी आवरून घ्या, तेवढाच वेळ जाईल.

गेलो. कपाट उघडलं, टेबलाचे खण उघडले, पलंगाखाली वाकून पाहिलं. आवरायला काही नव्हतं. सगळं सूनबाईनेच आवरलं होतं.